उसाचं पातं, अठरा तास आणि एक डोळा

दिवाळी सरते, कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि वाळवा, पलूस, कराड, कोरेगाव या पट्ट्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. कुणी बीडकडून, कुणी अहिल्यानगरकडून, कुणी आपल्याच जत तालुक्यातून. पुढचे काही महिने ही माणसं पहाटेच्या अंधारातच फडात शिरतात. उसाचं एक पान हातात घ्या आणि त्याच्या कडेवरून हलक्या हाताने उलट बोट फिरवून बघा. बारीक, टणक दाते लागतात. वाळूत असते ती सिलिका या पानातही साठलेली असते, म्हणून ही कड कातडीला चिरा पाडते. वाकून तोडताना, नाहीतर डोक्यावर मोळी घेऊन गाडीकडे जाताना, हेच पातं कधीतरी डोळ्यावरून ओढलं जातं. झोंबतं, पाणी येतं. माणूस पदराने किंवा टॉवेलने डोळा पुसतो आणि पुन्हा कोयता उचलतो.

बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत डोळा बरा होतो. काही वेळा होत नाही. आठवड्याभराने बुबुळावर पांढरट ठिपका दिसू लागतो, दुखणं वाढतं, आणि पुढे कधीतरी घरचे सांगतात, "डोळ्यात फूल पडलं." बरा होणारा डोळा आणि फूल पडणारा डोळा यांच्यात नेमका फरक कशामुळे पडतो, यावर नेत्रविज्ञानात फार मोलाचं संशोधन झालेलं आहे. त्यातलं बरंचसं आपल्यासारख्याच शेतीच्या मुलखात, नेपाळ आणि तमिळनाडूत, झालं. ऊस, हळद आणि द्राक्षावर जगणाऱ्या सांगली-साताऱ्याला ते तोंडपाठ असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आधी डोळ्याची रचना. डोळ्याच्या अगदी समोर, घड्याळावरच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. मधोमध त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यातून प्रकाश आरपार जायला हवा म्हणून निसर्गाने त्यात रक्तवाहिन्या ठेवलेल्याच नाहीत. याचीच दुसरी बाजू अशी की जंतू आत शिरले तर त्यांच्याशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी तिथे पोचायला वेळ लागतो. कॉर्नियावर पेशींचा एक पातळ थर असतो, तो शाबूत असेपर्यंत बहुतेक जंतूंना आत वाट मिळत नाही. पात्याने हा थर खरवडला की दार उघडं पडतं. ओरखडा छोटा असेल तर शेजारच्या पेशी सरकून एक-दोन दिवसांत ते बंद करतात. तेवढ्या वेळात जंतू आत शिरला, तर ओरखड्याची जखम होते आणि ती चिघळते. यालाच डॉक्टर कॉर्नियल अल्सर म्हणतात.

शहरी माणसाच्या डोळ्यात हा जंतू बहुधा बॅक्टेरिया असतो. शेतातल्या जखमेत पुष्कळदा बुरशी असते. फ्युजारियम आणि ॲस्परजिलस ही त्यातली नेहमीची नावं. दोन्ही मातीत, पाचटात, कुजक्या पाल्यात मुक्काम करून असतात, आणि पातं डोळ्यावर घासलं की त्यांचे बीजाणू थेट जखमेत उतरतात. बुरशी सावकाश वाढते, पण खोल जाते. कॉर्नियाच्या थरांमधून तिचे धागे आतवर घुसतात आणि डोळ्याच्या आतल्या पोकळीपर्यंतही पोचतात. जगभरात दर वर्षी बुरशीच्या अशा अल्सरचे दहा लाखांहून जास्त रुग्ण होतात, असा अंदाज २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात आशिया आणि आफ्रिकेतल्या शेतकरी-मजुरांचा वाटा सर्वांत मोठा.

मदुराई जिल्ह्यातल्या एका अभ्यासात दर लाख लोकांमागे वर्षाला ११३ जणांना कॉर्नियाचा अल्सर होत असल्याचं दिसलं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका परगण्यात हाच आकडा ११ होता. आजार तोच, डोळाही तसाच, आणि फरक दहापट.

आता या सगळ्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा अभ्यास. काठमांडूजवळच्या भक्तपूरमध्ये डॉ. मदन उपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळपास ३५ हजार लोकांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं. गावागावांत प्राथमिक प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते नेमले. डोळ्याला काही लागलं की त्यांच्याकडे यायचं, एवढाच निरोप लोकांना दिला होता. कार्यकर्ता डोळ्यात फ्लुरोसिन नावाचा रंग लावायचा. नारिंगी पट्टीवरचा हा रंग पापणीच्या आत टेकवला आणि डोळ्यावर निळा प्रकाश टाकला, की निरोगी कॉर्निया काळसर राहतो आणि ओरखडा तेवढा हिरवागार चमकतो. ओरखडा दिसला की क्लोरॅम्फेनिकॉल हे साधं, स्वस्त अँटिबायोटिक मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस. बस्स, एवढाच उपचार.

असे ४४२ ओरखडे उपचारासाठी आले. त्यातले ४२४ जंतुसंसर्गाशिवाय बरे झाले. पण खरी गोष्ट कोण किती वेळाने आलं यात आहे. जखम झाल्यापासून १८ तासांच्या आत मलम सुरू झालेले २८४ जण होते, त्यातल्या एकालाही अल्सर झाला नाही. १८ ते २४ तासांत आलेल्या १०९ जणांपैकी चौघांना झाला. आणि २४ ते ४८ तासांत आलेल्या ४९ जणांपैकी १४ जणांना. म्हणजे दुसऱ्या दिवसावर ढकललेल्यांत जवळजवळ दर साडेतीन माणसांमागे एकाचा डोळा धोक्यात गेला. हा निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला. पुढे भूतान, म्यानमार आणि दक्षिण भारतातही गावपातळीवर असेच प्रयोग झाले आणि त्यांचे निकालही उत्साह वाढवणारे होते.

इथे थोडं थांबायला हवं, कारण संशोधन वाचताना 'कशाच्या तुलनेत?' हा प्रश्न सोडून चालत नाही. भक्तपूरमध्ये मलम न मिळालेला गट नव्हता. आलेल्या माणसाला मलम न देता परत पाठवणं योग्यही झालं नसतं. त्यामुळे जे बरे झाले त्यातले किती मलमाने बरे झाले आणि किती आपोआप, हे त्या अभ्यासातून वेगळं काढता येत नाही. पुढे नेपाळमध्येच मोठी चाचणी झाली. त्यात काही भागांत गावचे स्वयंसेवक नेमले, काही भागांत नेमले नाहीत, आणि कुठे काय करायचं हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. काही वर्षांनी दोन्हीकडचे अल्सर मोजले तेव्हा म्हणण्यासारखा फरक सापडला नाही.

मग भक्तपूरचं सगळं खोटं का? नाही. गावात एक माणूस आणि मलमाची ट्यूब ठेवली की काम झालं, या समजुतीला दुसऱ्या चाचणीने धक्का दिला. डोळ्याला लागलेला प्रत्येक माणूस वेळेत त्या ट्यूबपर्यंत पोचतो का, हा प्रश्न शिल्लकच राहतो. लवकर आलेले डोळे वाचतात, हे मात्र गावातल्या कुठल्याही नेत्रतज्ज्ञाला विचारा, तो तेच सांगेल. माझ्या मते या दोन अभ्यासांचा एकत्रित अर्थ असा की औषधापेक्षा वाट जास्त महत्त्वाची आहे: फडापासून डॉक्टरपर्यंतची.

त्या वाटेवर पहिला थांबा बहुतेक वेळा मेडिकल दुकान असतो. "डोळा लाल झालाय, ड्रॉप द्या." काउंटरवरून जी बाटली येते तिच्यात अँटिबायोटिकबरोबर स्टिरॉइड असू शकतं. डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन, ही नावं बाटलीवर बारीक अक्षरात छापलेली असतात. स्टिरॉइड सूज आणि लाली झपाट्याने उतरवतं. दोन दिवसांत डोळा पांढरा दिसू लागतो आणि माणूस निर्धास्त होतो. पण स्टिरॉइड हे काम शरीराची लढण्याची ताकद दाबून करतं. जखमेत बुरशी असेल तर तिला मोकळं रान मिळतं. स्टिरॉइडला डोळ्याच्या काही आजारांत मोठं स्थान आहे, पण ते तपासणीनंतर, नेत्रतज्ज्ञाच्या हातून. पातं, कुसळ, भुसा, माती लागलेल्या डोळ्यात ते स्वतःहून घालणं म्हणजे डोळ्याशी खेळ. हाच धोका घरगुती इलाजांतही आहे. मध, एरंडेल, कुणाचं दूध, पाल्याचा रस यांतलं काहीही उघड्या जखमेत गेलं की नवे जंतू आत जातात.

जखम बुरशीची आहे की बॅक्टेरियाची, हे नुसतं बघून अनुभवी डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठीची तपासणी मात्र सोपी आहे. डोळा बधिर करून जखमेच्या कडेचा अगदी सूक्ष्म खरवड काढतात, काचेच्या पट्टीवर ठेवतात आणि त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकतात. थोड्या वेळात बाकीच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात, आणि बुरशी असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली तिचे फाटे फुटलेले धागे उरतात. रसायन काही रुपयांचं, वेळ काही मिनिटांचा. लागतो तो सूक्ष्मदर्शक आणि ते धागे ओळखणारी नजर. मिरजेसारख्या गावात, जिथे शंभराहून अधिक वर्षं कर्नाटकातूनसुद्धा रुग्ण उपचाराला येतात, हे सहज शक्य आहे. फडाजवळच्या गावात ते अजून दूर आहे.

निदान झालं, मग औषध कुठलं? या प्रश्नावरची चाचणीही आपल्याच देशात झाली. नाटामायसिन हे जुनं औषध आहे. १९५५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताच्या मातीतल्या एका जिवाणूपासून ते सापडलं. व्होरिकोनाझोल नवं, खोलवर भिनणारं, प्रयोगशाळेत जोरदार दिसणारं. पुष्कळ तज्ज्ञांना नवं सरस ठरेल असं वाटत होतं. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने कॅलिफोर्निया विद्यापीठाबरोबर ३२३ रुग्णांवर दोन्हींची तुलना केली. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. २०१३ साली निकाल आला: जुनं नाटामायसिन सरस. तीन महिन्यांनी त्या गटाची नजर चांगली होती, डोळ्याला भोक पडण्याचे प्रसंग कमी होते, आणि फ्युजारियममध्ये तर फरक फारच ठळक होता. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने नाटामायसिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. तरीही अनेक गरीब देशांत ते सहज मिळत नाही, म्हणून नेपाळमध्ये क्लोरहेक्सिडिन या स्वस्त जंतुनाशकाची त्याच्याशी तुलना झाली. तिथेही नाटामायसिनच पुढे राहिलं.

कागदावर प्रश्न सुटला. पण चाचणीतला डोस बघा: पहिला आठवडा जागेपणी दर तासाला एक थेंब, नंतर तीन आठवडे होईपर्यंत दर दोन तासांनी. पालाच्या कोपीत राहणाऱ्या, पहाटे फडात आणि रात्री गाडी भरायला जाणाऱ्या माणसाने हे कसं पाळायचं? थेंब टाकायला स्वच्छ हात हवेत, आणि फडात प्यायचं पाणीही घागरीतून मोजून येतं. एक दिवस काम बुडालं की खाडा पडतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे एकाने दवाखाना गाठला की दोघांचं काम अडतं. उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. १८ तासांचा नियम या माणसाला माहीत असला तरी तो पाळण्याची मुभा त्याला नसते. नेत्रविज्ञानातल्या समतेबद्दल बोलायचं तर ते मला इथूनच सुरू करावंसं वाटतं.

बाईचा प्रश्न आणखी अवघड. २०२१ साली लान्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने डोळ्यांच्या आरोग्यावर मोठा अहवाल दिला. नजर कमी झालेल्यांत ५५ टक्के स्त्रिया आहेत, असं त्यात म्हटलं आहे. बायकांचं आयुष्य जास्त असतं हे एक कारण, पण उपचारापर्यंत कमी पोचणं हेही तितकंच खरं कारण. मोळी डोक्यावर वाहणारी बाई पात्यांच्या सर्वांत जवळ असते आणि दवाखान्यापासून सर्वांत लांब.

आणि मग हिशेबाचा प्रश्न येतो. अंधत्व मोजताना जगभर दोन्हींपैकी चांगला डोळा धरतात. त्या डोळ्याने तीन मीटरवरूनही चाचणीतलं मोठं अक्षर दिसत नसेल तर माणूस अंध. २०१७ पासून भारतानेही हीच व्याख्या घेतली. मोजणीच्या सोयीसाठी ते ठीक आहे. पण पात्याने सहसा एकच डोळा जातो. दुसरा डोळा धड आहे म्हणून हा मजूर अंधांच्या आकड्यात येतच नाही. कॉर्नियाची जखम आणि अल्सर यांमुळे दर वर्षी १५ ते २० लाख माणसांचा एक डोळा जातो, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २००१ सालीच मांडला गेला होता. अपंगत्वाच्या दाखल्यातही हेच घडतं. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्के अपंगत्व धरतात. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के लागतात. ज्याला कोयता चालवताना अंतराचा अंदाज घ्यावा लागतो, त्याच्यासाठी दुसरा डोळा किती टक्क्यांचा असतो, हे फडात उभं राहून ठरवायला हवं.

जे मोजलं जात नाही त्यावर पैसा कमी लागतो, संशोधन कमी होतं. भारताच्या २०१५-१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीच्या पुढच्यांत मोतीबिंदू हे अंधत्वाचं मुख्य कारण निघालं, आणि आपल्याकडे गावोगाव मोतीबिंदूची शिबिरं भरतात. ती भरायलाच हवीत. पण त्याच पाहणीत पन्नाशीच्या आतल्यांत सर्वांत मोठं कारण होतं कॉर्नियाची अपारदर्शकता, ३७.५ टक्के. कमावत्या वयातल्या डोळ्यांसाठी हंगामात फडावर भरणारं शिबिर मला अजून कुठे दिसलेलं नाही.

चुन्याबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण तंबाखूबरोबर चुन्याची पुडी आपल्याकडे घरोघर असते आणि ती लहान मुलांच्या हाती लागते. दाबली की फुटते आणि चुना थेट डोळ्यात. चुना अल्कली आहे, तो पेशी विरघळवत आत जातो. इथे १८ तास नाहीत, मिनिटं आहेत. दवाखान्याची वाट न बघता जे स्वच्छ पाणी हाताशी असेल ते डोळा उघडा धरून ओतायचं, किमान अर्धा तास. पापणीच्या आत चुन्याचे कण चिकटून राहतात, ते डॉक्टरकडून काढून घ्यायचे. कॉर्नियाचं जगातलं पहिलं यशस्वी रोपण झालं तेही चुन्यानेच डोळे भाजलेल्या एका मजुरावर. ७ डिसेंबर १९०५ रोजी, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स गावी, एडुआर्ड त्सिर्म यांनी ते केलं. आजही फूल पडलेल्या डोळ्यासाठी तोच मार्ग उरतो. त्यासाठी मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावं लागतं, आणि बुरशीने पोखरलेल्या डोळ्यात बसवलेला कॉर्निया टिकेलच असं नाही.

गॉगल वापरा, हे सांगणं सोपं. घाम येतो, काचा धुरकटतात, पाचटाच्या धुळीने दिसेनासं होतं, मग तो गळ्यात लटकतो. फ्लोरिडातल्या संत्र्याच्या बागांत हाच अनुभव होता. तिथे बाहेरून व्याख्यान देणाऱ्यांऐवजी टोळीतल्याच काही मजुरांना शिकवलं. त्यांनी स्वतः गॉगल घातला, शेजारच्याला पुसून दिला, डोळ्यात कचरा गेला तर धुऊन दिला, आणि वापरणाऱ्यांचं प्रमाण चांगलंच वाढलं. आपल्याकडे मुकादमापेक्षा टोळीतल्या एखाद्या जाणत्या बाईला हे शिकवलं तर जास्त चालेल, असा माझा अंदाज आहे.

तिला सांगायचं तरी फार नाही. डोळा चोळायचा नाही, स्वच्छ पाण्याने धुवायचा. पदराच्या टोकाने किंवा जिभेने कचरा काढायचा नाही. काही रुतलेलं असेल किंवा डोळा फुटल्यासारखा वाटत असेल तर धुवायचंही नाही आणि ओढून काढायचंही नाही. कागदी कप डोळ्यावर न दाबता उपडा ठेवायचा, कडा चिकटपट्टीने बसवायच्या आणि थेट मोठं रुग्णालय गाठायचं. साध्या ओरखड्यालाही घट्ट पट्टी बांधायची नाही. त्याच दिवशी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवायचं आणि तिथे "उसाचं पातं लागलंय" हे शब्द आवर्जून सांगायचे, म्हणजे तपासणारा बुरशीचा विचार आधी करेल. दुकानातून बाटली आणली असेल तर तीही सोबत न्यायची. दुखणं वाढलं, उजेड सहन होईना, किंवा बुबुळावर पांढरं दिसलं, तर रात्र असली तरी निघायचं. आणि त्या दिवसाचा खाडा धरायचा नाही, हे कारखान्याच्या शेतकी विभागाने आणि मुकादमांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी, उचल देतानाच, लेखी ठरवून द्यायचं.